घोटा, खांदा, गुडघा: तेच सांधे पुन्हा पुन्हा का दुखावतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही बडोद्यात राहतो. मुलगी १९ वर्षांची आहे, गरब्याची भारी हौस. गेल्या दोन नवरात्रांत तिचा उजवा घोटा तीनदा मुरगळला, आता तर साध्या रस्त्यावरही पाय कलतो. धाकटा १६ वर्षांचा, कबड्डी खेळतो. महिन्यापूर्वी पकड करताना त्याचा खांदा निखळला. दवाखान्यात बसवून घेतला, तीन आठवडे हात झोळीत होता. आता दुखत नाही म्हणून त्याला मैदानावर जायची घाई झाली आहे. माझं वय ५२, गुडघा अधूनमधून सुजतो. सासरे म्हणतात, आपल्या घराण्याचे सांधेच कच्चे, तेल लावून चांगलं चोळा. सांधे खरंच कच्चे असतात का? आणि नेमके हेच सांधे का दुखावतात?

ताई, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मी सरसकट खोडून काढणार नाही. त्यात थोडं तथ्य असू शकतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण तिघांच्या दुखण्यांची कारणं तीन आहेत आणि एका तेलाने ती बरी होणारी नाहीत, हे आधी सांगते. मी बडोद्यातच फिजिओथेरपी करते. नवरात्र उलटलं की घोटे आणि गुडघे, उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, झालं की गच्चीवरून किंवा शिडीवरून पडलेल्यांची मनगटं, सामने सुरू झाले की खांदे आणि बोटं, असा आमच्याकडे हंगाम ठरलेला असतो. कुठल्या सांध्याला कधी इजा होणार हे इतकं ठरलेलं असतं, कारण प्रत्येक सांध्याची घडणच तशी आहे.

सांधा जागेवर राहतो तो चार गोष्टींच्या जोरावर: हाडांचा एकमेकांत बसणारा आकार, हाडाला हाडाशी बांधणारी लिगामेंट, भोवतीचे स्नायू, आणि सांधा या क्षणी कुठल्या कोनात आहे याची मेंदूकडे सतत जाणारी खबर. कुठल्या सांध्याची भिस्त यातल्या कशावर आहे ते पाहिलं की तो कुठे दगा देणार ते कळतं. खुब्याचं उदाहरण घ्या. मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, त्यामुळे खेळताना खुबा निखळणं फार विरळा. तो निखळतो तो मोटारीच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर आदळल्यावर, आणि तेव्हा ती खरी आणीबाणी असते. सहा तासांच्या आत बसवला नाही तर हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून पुढे तो झिजायची भीती असते.

खांद्याचं सगळं उलट. हात डोक्यावर, पाठीमागे, चारी दिशांना फिरला पाहिजे, म्हणून वाटी अगदी उथळ ठेवलेली आहे. बशीवर लिंबू ठेवावं तसा तो प्रकार. दंडाच्या गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एका वेळी वाटीला टेकलेला असतो. वाटीच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची गोल किनार असते, ती खोली थोडी वाढवते. बाकी सगळा भार लिगामेंट आणि स्नायूंवर. म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदा, आणि निखळतो तेव्हा जवळजवळ नेहमी पुढच्या बाजूला. हात बाजूला वर उचललेला आणि बाहेर वळलेला असला, म्हणजे चेंडू फेकायच्या तयारीत असतो तसा, की पुढची बाजू सगळ्यात उघडी पडते. कबड्डीत साखळी धरलेल्या खेळाडूचा हात नेमका त्या अवस्थेत असतो आणि चढाई करणारा सगळ्या वजनानिशी सुटायला बघत असतो. तुमच्या मुलाचा खांदा कच्चा होता म्हणून निखळला नाही. त्या कोनात तेवढा झटका कुणाच्याही खांद्याला जड जातो.

काळजी आहे ती पुढची. पहिल्यांदा निखळताना बहुतेकांच्या लॅब्रमचा पुढचा भाग हाडापासून सुटतो आणि परत आपल्या मूळ जागी चिकटतोच असं नाही. बाहेरून सूज जाते, दुखणं थांबतं, आणि मुलाला वाटतं झालं. खांदा पुन्हा निखळणार की नाही हे सगळ्यात जास्त वयावर ठरतं. विशीच्या आतल्या, अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त जणांचा तो पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याची भीती कमी, पण तिथे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे दोर फाटलेले असू शकतात, ते वेगळं प्रकरण. हात जास्त दिवस झोळीत ठेवला तर पुढचा धोका टळतो असा पुष्कळांचा समज असतो. तसं दिसून आलेलं नाही. झोळी दुखणं कमी होण्यापुरती, नंतरचं सगळं काम स्नायूंचं.

मी अशा मुलाला तपासते तेव्हा त्याला आडवं झोपवून हात हळूहळू चेंडू फेकायच्या स्थितीत नेते. दुखायच्या आधीच त्याचा चेहरा बदलतो, दुसऱ्या हाताने तो माझं मनगट पकडतो, "नको नको" म्हणतो. खांदा निसटणार ही जाणीव शरीराला आधी होते. ही भीती शिल्लक असेपर्यंत मैदान बंद, मग दुखत नसलं तरी. तीन ते चार महिने धरून चाला. हात सगळीकडे पूर्ण फिरला पाहिजे, दोन्ही बाजूंची ताकद सारखी झाली पाहिजे, आणि जमिनीवर पडून हातावर भार पेलताना तो बिचकता कामा नये. शिवाय १६ व्या वर्षी, कबड्डीसारख्या खेळात, पहिल्याच वेळेनंतर एमआरआय काढून सर्जनशी बोलून घ्या असं मी सांगेन. शस्त्रक्रिया लागेलच असं नाही, पण या वयात हा विषय दुसऱ्या-तिसऱ्या निखळण्यापर्यंत लांबवू नये. दर वेळी निखळताना वाटीची कड आणि गोळ्याचा मागचा भाग थोडा थोडा झिजत जातो, आणि मग साध्या दुरुस्तीने भागत नाही.

अजून एक गोष्ट त्याच्या सवंगड्यांनाही सांगा. मैदानावर खांदा निखळला तर कुणीही हात ओढून बसवायचा नाही. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, ते एक्स-रेशिवाय कळत नाही. आहे त्या स्थितीत हात ओढणीने किंवा टॉवेलने अंगाशी बांधा आणि दवाखाना गाठा. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, बिल्ला लावतात त्या जागी, त्वचा बधिर वाटत असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. तिथून जाणारी नस ताणली गेल्याची ती खूण असते.

आता मुलीचा घोटा. यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण गावभर लोक हीच इजा सगळ्यात हलकी समजतात.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं हाताला लागतात, त्यात बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरलेलं असतं. आतल्या बाजूचं लिगामेंटही रुंद आणि दणकट. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला दोन्हीकडून अडसर, आणि आत वळायला वाट मोकळी. बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट आहेत, त्यातलं पुढचं सगळ्यात कमजोर, आणि पाय मुरगळला की पहिलं तेच ताणलं किंवा फाटलं जातं. दुसरी गोष्ट: घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल सपाट टेकलेलं असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच उचलून चवड्यावर आलात की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. आता गरब्यातली गिरकी डोळ्यांसमोर आणा. टाच वर, भार चवड्यावर, अंग फिरतंय, पाय अनवाणी, मैदान उंचसखल, रात्रीचे अकरा वाजलेले आणि पोटऱ्या थकलेल्या. घेरदार घागऱ्याखाली स्वतःची पावलं दिसतही नाहीत. घोटा सगळ्यात सैल असतो त्या अवस्थेत त्याच्याकडून सगळ्यात जास्त काम घेतलं जातं.

पण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा का मुरगळतो? लिगामेंट नुसता दोर नाही. त्यात मज्जातंतूंची टोकं असतात, पाऊल कलायला लागलं की ती खबर देतात, आणि नडगीच्या बाहेरचे स्नायू ताबडतोब पाऊल सावरतात. लिगामेंट फाटलं की ही खबरही बिघडते. सूज दहा-पंधरा दिवसांत उतरते, दुखणं महिन्याभरात जातं, पण ही जाणीव आपोआप परत येत नाही. ती शिकवावी लागते. तुमच्या मुलीचा पाय आता साध्या रस्त्यावर कलतो तो याचसाठी. पहिल्या वेळी दुखणं थांबल्यावर उपचारही थांबले असणार. बहुतेक घरांत असंच होतं.

घरीच पडताळून बघा. भिंतीजवळ तिला डाव्या, चांगल्या पायावर उभं करा, हात छातीशी, डोळे मिटलेले. मग उजव्या पायावर. डाव्या पायावर ती बऱ्यापैकी स्थिर राहील. उजव्या पायावर घोट्याभोवतीचे दोर त्वचेखाली थडथडताना तुम्हाला दिसतील, बोटं जमीन धरू पाहतील, आणि काही सेकंदांतच दुसरा पाय खाली टेकेल. तिलाही ते बघू दे. आपल्याला काय कमावायचं आहे ते मुलींना यातून जितकं समजतं तितकं माझ्या सांगण्याने समजत नाही.

उपाय म्हणजे हाच व्यायाम, रोज, निदान सहा ते आठ आठवडे. आधी डोळे उघडे ठेवून एका पायावर अर्धा मिनिट, तीन-चार वेळा. दात घासताना केला तरी चालेल. जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर किंवा उशीवर. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर ओढण्याचा व्यायाम करायचा, म्हणजे नडगीच्या बाहेरचे स्नायू तयार होतात. एका पायावर टाच उचलणं, आधी आधाराने, मग बिनआधाराने. शेवटी बाजूला उड्या आणि गिरक्या, आधी हळू, मग तालावर. समतोलाच्या व्यायामाने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, याला चांगला पुरावा आहे. येत्या नवरात्रात दोरीने आवळायचा घोट्याचा पट्टा बांधून खेळू दे. पट्ट्याने स्नायू दुबळे होतात ही भीती बाळगू नका, व्यायाम चालू असेल तर तसं काही होत नाही.

पाय ताजा मुरगळला तर एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आजही जगभर वापरतात, आणि ते घरच्यांनाही कळण्यासारखे आहेत. घोट्याच्या दोन्हीपैकी कुठल्याही हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेने खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर हाडच दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तो दुखत असेल, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढा. इजा झाल्यावर लगेच चार पावलं टाकता आली नाहीत आणि दवाखान्यातही टाकता येत नसतील, तरीही काढा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी. हे मोठ्यांसाठी. लहान मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती लिगामेंटपेक्षा नाजूक असते. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाचा "मुरगळलेला" पाय डॉक्टरांना दाखवलेलाच बरा.

तेलाने चोळण्याबद्दल. ताज्या इजेत आत रक्त साकळत असतं, तेव्हा जोरात चोळलं तर सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस लवचिक पट्टी, पाय उंच, कापडात गुंडाळून थोडा वेळ बर्फ, आणि सोसेल तेवढं टेकणं. नंतर हलक्या हाताने तेल लावलंत तर बरं वाटेल, त्याला माझी हरकत नाही. मात्र कोपर दुखावला असेल तर तिथे चोळायचं नाही म्हणजे नाही. कोपराच्या इजेनंतर जबरदस्तीने मालीश केली किंवा हात ओढून सरळ करायला गेलं की पुढच्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं. कोपर आखडतो आणि कित्येकदा कायमचा. जोर लावून सरळ करायला आणलेले कोपर मी बघितले आहेत, आणि ते बघवत नाही, कारण हे सगळं टाळता येण्यासारखं असतं.

आपल्या बडोद्यात जुम्मादादांच्या आणि प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा आहे. माणिकराव हाडं बसवण्यातही नावाजलेले होते. त्यामुळे जुन्या माणसांचा हाडवैद्यावर विश्वास असणं मी समजू शकते, आणि त्या आखाड्यांतला जोर-बैठकांचा, मल्लखांबाचा व्यायाम सांध्यांभोवती जे बळ उभं करतो त्याला तोड नाही. पण आज एक्स-रे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, तो काढल्याशिवाय कुणाकडूनही बांधून घेऊ नका. कामट्या लावून करकचून बांधलेल्या हातात रक्त पोचलं नाही तर काही तासांत स्नायू मरतात आणि पंजा आकडून बसतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. बांधल्यावर बोटं पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना जीव जाईल असं दुखलं, तर रात्र असली तरी बांधलेलं सोडवून दवाखान्यात जा.

तुमच्या गुडघ्याबद्दल थोडक्यात, कारण तपासल्याशिवाय फार बोलणं बरोबर नाही. गुडघा म्हणजे शरीरातल्या दोन सर्वांत लांब हाडांमधला सांधा, आणि खालच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. हाडांचा आधार नावापुरता. म्हणून पाय रोवलेला असताना अंग वळलं की सगळा पीळ लिगामेंटवर आणि मधल्या मेनिस्कस नावाच्या गाद्यांवर येतो. तरुण वयात वळताना "टप्प" असा आवाज येऊन दोन तासांच्या आत गुडघा टरारून सुजला, तर एसीएल हे मधलं लिगामेंट फाटलं असल्याचा संशय घ्यायचा. हे मुलीलाही सांगून ठेवा, वळण्या-उडीच्या खेळांत ही इजा मुलांपेक्षा मुलींना जास्त होते. तुमच्या वयात अधूनमधून येणारी सूज बहुधा झिजेची किंवा मेनिस्कसची असते. आतल्या बाजूची गादी जास्त जखडलेली असल्याने तीच जास्त वेळा फाटते, आणि उकिडवं बसून वळताना तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. नुसता एमआरआय बघून घाबरू नका. पन्नाशीनंतर ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळांच्या एमआरआयमध्येही मेनिस्कस फाटलेला दिसतो. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला असेल तर त्याच दिवशी जा. एरवी मांडीचे स्नायू कमावणं हा पहिला उपचार.

राहिला सासऱ्यांचा मुद्दा. काही घरांत सांधे खरोखर सैल असतात आणि ते आनुवंशिक असतं. मुलांना करायला सांगा: करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाकडे दुमडून हाताला टेकतो का, कोपर सरळ केल्यावर उलट बाजूला झुकतो का, गुडघा तसाच झुकतो का, गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात का. पहिल्या चारही गोष्टी दोन्ही बाजूंना बघायच्या आणि शेवटची एकदाच, असे एकूण ९ गुण. मोठ्यांत ५ किंवा जास्त आले तर अंग सैल समजतात, लहान मुलांत ६. असे सांधे आजारी नसतात, नाचात आणि मल्लखांबात तर त्यांचं कौतुकच होतं. फक्त तिथे लिगामेंटवर विसंबता येत नाही, म्हणून ताण देण्याचे व्यायाम कमी आणि ताकदीचे जास्त करायचे. मुलाचे गुण जास्त आले तर खांद्याच्या सर्जनना ते नक्की सांगा, कारण शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावरून बदलू शकतो.

आणि मुलीचे व्यायाम नवरात्राच्या आदल्या आठवड्यात सुरू करून भागणार नाही. श्रावण लागला की सुरू करा. घटस्थापनेपर्यंत तिला उजव्या पायावर डोळे मिटून डाव्या पायाइतकंच उभं राहता आलं, आणि त्याच एका पायावर बाजूला दहा उड्या न डगमगता मारता आल्या, तर बेलाशक पाठवा. नाहीच जमलं तर यंदा गिरक्या न घेता साधा दोन टाळ्यांचा गरबा खेळू दे, आणि व्यायाम दिवाळीनंतरही चालू ठेवा.